माळेतला चौथा डबा

अण्णांचा आणि लिंबाकाकांचा आवाज इतका सारखा होता, की आमची म्हैस दोघांच्याही हाकेला सारखीच हंबरायची. अण्णा म्हणजे माझे वडील, वालूरच्या शाळेत गुरुजी. लिंबाकाका त्यांचे धाकटे भाऊ, सेलूच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी. एकाचा आवाज पाढे म्हणवून घेताना मोठा झालेला, दुसऱ्याचा पोत्यांचं माप ओरडून सांगताना. तरी मूळ धातू एकच, जाड आणि स्वच्छ, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थकता जाणारा. बाहेरून कुणी "शालू, पाणी आण गं" म्हटलं, की मी तांब्या भरून निघायची आणि तो कुणाच्या हातात द्यायचा हे उंबऱ्याबाहेर गेल्यावरच कळायचं. वस्तीतले लोकही फसायचे. आई मात्र कधी चुकली नाही. मी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुझे अण्णा बोलायच्या आधी खाकरतात. भाऊजी न्हाईत खाकरत." त्यानंतर मीही कान देऊन पाहिलं. खरंच होतं. पण माझ्या ध्यानात ते यायच्या आत वाक्य निम्मं झालेलं असे.

मी ज्या पावसाळ्याचं हे लिहितेय त्याच्या काही वर्षं आधीच दोघा भावांचं बोलणं बंद झालेलं होतं. अण्णांनी धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडले, आणि आजी काही बोलली नाही. ती काहीच बोलत नाही म्हणजे तिला पटलं, असं अण्णांनी धरलं. शिकवणाऱ्या माणसाला गप्प बसलेला वर्ग फार आवडतो. आजी गेली तेव्हा तिला अंघोळ घालताना बायकांना तिच्या कमरेच्या बटव्यात एक टाक सापडला. चांदीचा, झिजून गुळगुळीत झालेला, त्यावरचा देव कोणता हेही ओळखू येईना. तिनं तो इतकी वर्षं सुपारीच्या खाली लपवून ठेवला होता. काका म्हणाले, "तिच्या मुठीत राहू दे. तिचा हाय." ते तिची बोटं मिटवतच होते, तेवढ्यात अण्णांनी त्यांच्या हातातून टाक हिसकला आणि सगळ्यांच्या देखत विहिरीत फेकला. काकासुद्धा आमच्यासारखेच विहारात जाणारे, पंचशील म्हणणारे. भांडण देवाचं नव्हतंच. पण त्या दिवशी ते विहिरीच्या काठावर बसून लहान पोरासारखे रडले, आणि पुढच्या महिन्यात अंगणाच्या मधोमध दगडाची भिंत उभी राहिली. काकांनी त्यांचं दार पलीकडच्या गल्लीत काढलं.

भिंत छातीइतकीच होती. दगड कमी पडले असं काका म्हणायचे, पण मला वाटतं गयाकाकूनं गवंड्याला तेवढ्यावरच थांबायला सांगितलं असावं. कारण दोघी जावांचा अबोला कधी झालाच नाही. आईनं अंबाडीची भाजी केली की लसणाची फोडणी घातलेली वाटी भिंतीवर जायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच वाटी हुलग्याचं माडगं घेऊन परत यायची. अण्णा ते माडगं निमूट प्यायचे आणि कुठून आलं ते विचारायचे नाहीत. काकांनाही अंबाडी आवडायची.

मग अण्णांचा घसा बसला. आधी वाटलं खडूची पूड जातेय. आईनं हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध दिला. शाळेतल्या पोरांनी मागच्या बाकांवरून "ऐकू येत न्हाई गुरुजी" म्हणायला सुरुवात केली, तेव्हा माझा थोरला भाऊ, दादा, त्यांना औरंगाबादला घेऊन गेला. तिथं गाठ सापडली. यंत्राचे शेक द्यावे लागले. त्या आजाराचं नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलं नाही; आई "घशाचं" एवढंच म्हणायची. अण्णा परत आले ते निम्मे होऊन. भाकरी गिळवेना म्हणून आई ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून त्यात ताक कालवायची, आणि ते दोन घोट घेऊन वाटी बाजूला सारायचे. आवाजाचं म्हणाल तर नुसती हवा उरली होती. शेजारी बसलेल्याला कळायचं, दोन हात लांबच्याला नाही. ज्या घरात पहाटेची वंदना चार घरं पलीकडे ऐकू जायची, तिथं आता माणसं अण्णांच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेत होती. मला ते सहन व्हायचं नाही. मी काहीतरी काम काढून अंगणात जायची.

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. त्या पावसाळी महिन्यांत आमच्याकडे विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असतं आणि आश्विन पौर्णिमेला त्याची समाप्ती, खीरदान. वस्तीत विहार बांधलं तेव्हापासून वाचक एकच, अण्णा. त्या वर्षी विहाराचे पत्रे काढून स्लॅब टाकायचं काम अर्धवट होतं, म्हणून वाचन आमच्या घरी करायचं ठरलं. ठरवायला आलेल्यांपैकी एकानं जरा चाचरत दुसरा वाचक बघायचं सुचवलं. अण्णांनी मान हलवली. मला जवळ बोलावलं आणि कानाशी म्हणाले, "सांग त्यांना. एवढा वर्षावास मीच वाचणार. समाप्ती माझ्या तोंडून होऊ द्या." मी ते मोठ्यानं सांगितलं. माणसं खाली बघत राहिली. हा शेवटचा, हे सगळ्यांना कळलं होतं, अण्णांनाही.

तेव्हा घरभर स्पीकर लावायचं माझ्या डोक्यात आलं. सेलूला रेडिओ दुरुस्त करणारा अण्णांचा एक विद्यार्थी होता. त्यानं एक जुना ॲम्प्लिफायर, एक माईक आणि निकामी रेडिओंतून काढलेले चार स्पीकर दिले. जोडायचं काम माझं. मुलीनं वायरी जोडायच्या याचं बाहेरच्यांना नवल वाटे, पण वस्तीत ते जुनं झालं होतं, कारण दरवर्षी जयंतीच्या लायटिंगच्या माळा मीच करायची. छोटे बल्ब एकापुढे एक जोडत न्यायचे: एका बल्बातून निघालेली वायर दुसऱ्यात, दुसऱ्यातली तिसऱ्यात, आणि शेवटचं टोक परत. यात खोड एकच, एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात. मग शिडीवर चढून हातातला चांगला बल्ब एकेका जागी लावून बघायचा, जिथं माळ पेटेल तिथं खोट. मला तेवढीच विद्या येत होती, आणि माळेला वायरही कमी लागते. म्हणून स्पीकरही मी तसेच जोडले, माळेसारखे. स्पीकर तसे जोडत नाहीत, प्रत्येकाला वेगळी वायर नेतात, हे मला पुढे टेलिफोन खात्यात नोकरीला लागल्यावर कळलं.

चहाच्या पेटीच्या पातळ फळ्यांचे डबे केले. एक माजघरात, म्हाताऱ्या बायकांसाठी. एक स्वयंपाकघरात मडक्यांच्या उतरंडीच्या वर, आईसाठी, कारण वाचन संपल्यावरचा सगळ्यांचा चहा तिच्याकडे आणि अण्णांच्या कण्याही तेव्हाच चुलीवर. अंगणातल्या स्पीकरची पंचाईत होती. पावसात लाकडी डबा फुगला असता. मग एक तळाला झिरपणारा माठ घेतला, त्याच्या तोंडावर स्पीकर बसवला, काठाला आणि झिरपणाऱ्या तळाला डांबर लावलं आणि माठ तिरपा, तोंड खाली करून कडुलिंबाच्या फांदीला टांगला. पाणी वरून ओघळून जायचं आणि आवाज असा भरीव यायचा, की सेलूचा दुरुस्तीवाला खास बघायला आला. अण्णा बसायचे त्या ओसरीवर मात्र स्पीकर ठेवला नाही. माईकसमोर स्पीकर आला की शिट्टी मारतो.

चौथा डबा खरं तर उरला होता. एका दुपारी मी भिंतीशी वायर ओढत असताना गयाकाकू पलीकडून म्हणाली, "शालू, मला लय ऐकू वाटतंय गं. तिकडं यावं तर तुझे काका बोलतील. हिकडं एक बसतो का?" मी आईकडे पाहिलं. आईनं ऐकलं नाही असं दाखवत पातेलं घासायला घेतलं, म्हणजे तिची हरकत नव्हती. भिंतीच्या तळाला पाणी जायला भोक होतं, त्यातून मी वायर घातली. काकूनं डबा स्वयंपाकघरात कणगीच्या मागं ठेवला आणि वर लुगड्याचा तुकडा टाकला. काका मोंढ्यातून शेवटच्या एसटीनं यायचे, तोवर वाचन संपलेलं असायचं. अण्णांना कुणी काही सांगितलं नाही.

परवा प्रशांतनं, माझ्या मुलानं, परभणीत घर बांधलं, तेव्हा त्यानं छतात गोल स्पीकर बसवून घेतले. हॉलमध्ये, बेडरूममध्ये, देखण्या स्वयंपाकघरात, आणि गच्चीवर पावसातही चालणारे दोन. वायरमन प्रत्येक खोलीची वायर वेगळी आणून हॉलमधल्या एका पेटीत सोडत होता. मी खुर्ची टाकून बघत बसले. तो म्हणाला, "आजी, हे लय भारी असतंय. एका खोलीतला बंद केला तरी दुसऱ्या खोलीत कळतसुद्धा न्हाई." मी म्हटलं, बरोबर आहे, असंच जोडतात. त्याला वाटलं म्हातारीला काय कळतंय, तो हसला.

तर वाचन सुरू झालं. अण्णा माईकला ओठ लावून कुजबुजायचे, आणि ती कुजबुज माठातून अंगणभर पसरायची. आवाज घोगरा होता, पण शब्द न् शब्द कळायचा. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज झाडावरून येताना ऐकून अण्णा थांबले आणि माझ्याकडे बघून हसले. आजारपणात ते हसलेले मला तेवढेच आठवतात. पुढं ते त्या आवाजावरच चालायचे: एक ओळ म्हणायची, ती झाडावरून आलेली ऐकायची, मग दुसरी. अंगणात पोती पांघरून माणसं बसायची. माझी जागा ओसरीवर, अण्णांच्या उजव्या हाताला, ॲम्प्लिफायरपाशी. श्रावण गेला, भाद्रपद लागला. रोज वाचून होणारी पानं कमी कमी होत गेली. अण्णा पानं चाळून किती उरलं ते बघायचे आणि कपाळाला आठ्या पडायच्या.

त्या दिवशी दुपारीच जोराचा पाऊस झाला आणि सेलूचा मोंढा लवकर उठला. आम्हाला ते माहीत नव्हतं. पाऊस थांबून पिवळं ऊन पडलं होतं, अंगणात माणसं जमली होती, अण्णांनी खाकरून सुरुवात केली होती. पान उलटलं आणि वाक्याच्या मध्येच आवाज गेला. अण्णांचे ओठ हलत होते, माठ मुका. ते थांबले. अंगणातली सगळी डोकी वर झाडाकडे वळली. मी ॲम्प्लिफायर पाहिला, लाल दिवा चालू. माजघरातून एक म्हातारी ओरडली, "गेलं की गं!" आणि स्वयंपाकघरातून आई दारात आली. म्हणजे सगळीकडेच गेला होता. माळ तुटली होती. बल्ब शोधायची सवय असलेली मी उठून माजघरातला जोड पाहिला, स्वयंपाकघरातला पाहिला, धावत झाडाखाली गेले. सगळं घट्ट होतं. मग माझी नजर भिंतीच्या भोकाकडे गेली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, "अण्णा!"

अंगण दचकलं. कारण तो आवाज अण्णांचाच होता, दोन वर्षांपूर्वीचा, धडधाकट, आणि अण्णा तर समोर ओसरीवर ओठ मिटून बसलेले. "अण्णा! ए अण्णा!" आणि लिंबाकाका भिंतीवरून उडी टाकून आमच्या अंगणात आले. गल्लीला वळसा घालून यायचंही त्यांना सुचलं नव्हतं. अनवाणी, सदऱ्याची बटणं उघडी, आणि हातात माझा डबा, उपसलेल्या वायरीचे तुकडे लोंबत असलेला. ते माणसांतून वाट काढत ओसरीपर्यंत आले, अण्णांना बसलेलं बघितलं, आणि पायरीवर मटकन बसले.

"घरी आलो तर कणगीच्या मागून तू बोलायलास," ते धापा टाकत म्हणाले. "माझ्याच घरात. राग आला. वढून काढला. अन् बघतो तर तुझा आवाज सगळीकडूनच गेला. झाडावरचा बी गेला. मला वाटलं..." त्यांनी डब्याकडे पाहिलं. "मला वाटलं तू गेलास."

अण्णांनी मला खूण केली, मी जवळ गेले. "चौथा डबा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काकूला ऐकायचं होतं. पहिल्या दिवसापासून हाय." मी घाईघाईनं हेही सांगितलं, की भिंतीपाशी वायर तोडून इकडच्या इकडे जोडते, आत्ता सुरू होईल. अण्णांनी हात आडवा केला. मग ते काकांकडे वळले, आणि त्यांच्या त्या हवेसारख्या आवाजात, एकेक शब्द ढकलत बोलले. ते मी आणि काका दोघांनीच ऐकलं.

"टाक विहिरीत टाकला, ते मी आजबी बरोबरच समजतो. पण तुझ्या हातातून हिसकला. आई तिथं निजलेली असताना. ते चुकलं माझं, लिंबा."

काकांनी मान खाली घातली आणि सदऱ्याच्या टोकानं तोंड पुसत राहिले. अण्णांनी मला भिंतीकडे बोट दाखवलं. वायर तोडायची नव्हती, पलीकडे जाऊन सांधायची होती.

मी भिंत चढून काकांच्या घरात गेले. गयाकाकू कणगीला धरून उभी होती. डबा तर काकांच्या मांडीवर होता, म्हणून उपसलेली दोन टोकं मी एकमेकांना पीळ देऊन जोडली. तसा झाडावरून एकदम आवाज आला, पहिल्यापेक्षा जरा मोठाच, कारण एक डबा कमी झाला की उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं. आवाज अण्णांच्या खोकल्याचा होता. माईक चालूच होता, आणि दोघा भावांना त्याचं भान नव्हतं. सगळ्या वस्तीनं ऐकलं.

"वाच," अण्णा म्हणाले.

"मी? मला तुझ्यासारखं येतंय का वाचायला?"

"मीच शिकवलंय तुला. वाच."

"समाप्ती तुझ्या तोंडून व्हायची म्हणत व्हतास की. समदी वस्ती सांगती."

पानं चाळल्याचा आवाज आला. मग अण्णा म्हणाले, "न्हाई व्हायची ती माझ्याच्यानं. पानं लय उरलीत. तू वाच, मी बोट ठेवतो."

पुढं आश्विन पौर्णिमेपर्यंत काकांनीच वाचलं. अण्णा शेजारी बसून ओळीखाली बोट सरकवायचे, काका अडखळले की बोट तिथं थांबायचं. समाप्तीची खीर दोघी जावांनी एकाच चुलीवर केली, आणि अण्णांनी ती चमचाभर खाल्ली. थंडी पडली तेव्हा ते गेले. भिंत काकांनी स्वतः काढली, पण ते नंतरचं. मला इथं लिहून ठेवायचंय ते त्या संध्याकाळचं, मी काकूला घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले तेव्हाचं.

चुलीवर चहाचं पातेलं उतू जात होतं आणि आईचं तिकडं लक्ष नव्हतं. ती कण्यांची पळी हातात धरून उतरंडीसमोर उभी होती. वरच्या डब्यातून वाचन येत होतं, जाड, स्वच्छ, भरलेल्या छातीचं. आईनं तो आवाज त्या घरात पाढ्यांत ऐकला होता, वंदनेत ऐकला होता, आमची नावं ठेवताना ऐकला होता. मला भीती वाटली की तिचा भलताच समज होईल, अण्णांना बरं वाटलं असं ती धरून चालेल, आणि मग तिला खरं सांगायचं माझ्यावर येईल. मी म्हणाले, "आई, ते..."

"म्हाईत हाय मला," आई म्हणाली. "खाकरले न्हाईत. भाऊजी वाचायलेत."

काकूनं पुढं होऊन पातेलं उतरवलं. आईनं पळी ठेवली, पाट ओढला आणि डब्याच्या बरोबर खाली, भिंतीला डोकं टेकून बसली.

"जरा मोठा कर गं," ती म्हणाली. "आवाज तर त्येंचाच हाय."